हक्कसोडपत्रावर सही करू की नको?

सोनाका
शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज स्वतःचंच गाऱ्हाणं घेऊन आलेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मूळची तासगाव तालुक्यातली. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्याकडे आले ती इकडचीच झाले. सध्या चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला डेप्युटी मॅनेजर आहे. मोशीत दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, हप्ते अजून पुष्कळ आहेत. नवरा टूलरूमला, लेक चौथीत.

आमचे आण्णा २०२३ मध्ये गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर चार नावं चढली: आई, मी, भाऊ आणि धाकटी बहीण. सगळं मिळून साडेपाच एकर. अडीच एकर द्राक्षं, दीडेक एकर ऊस, उरलेलं शाळू-हरभऱ्याचं रान.

मागच्या आठवड्यात भावाचा फोन आला. "आक्का, पुढच्या पंधरवड्यात एक दिवस रजा टाक. हक्कसोड करून घेऊ. तू आणि छोटी एकाच दिवशी आलात की एका खर्चात होतंय." गॅसची केवायसी राहिलीय असं सांगावं इतक्या सहज. मी म्हटलं बघते. तर तो म्हणाला, "बघायचं काय त्यात?"

भाऊ वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते. आम्ही दोघी लग्न होऊन निघून गेलो, तो राहिला. २०१९ च्या दिवाळीत पावसानं झोडपलं तेव्हा फुलोऱ्यातली बाग डोळ्यांदेखत गेली. जो थोडा माल वाचला तो तयार झाला तर लॉकडाऊन लागला. व्यापारी फिरकेना, सगळा माल बेदाण्याला टाकावा लागला. आण्णांचं डायलिसिस मिरजेला होतं, तिथं नेणं-आणणं त्यानंच केलं. आता त्याला बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकायचंय. बँक म्हणते, सातबाऱ्यावर नावं असलेल्या सगळ्यांच्या सह्या आणा. त्याचं म्हणणं, दरवेळी तुम्हाला कुठं बोलावत बसू?

आईला फोन केला तर ती म्हणाली, "तुला काय कमी हाय बाई?"

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. कारण सांगते. मध्यंतरी मला कळलं, की माझ्याच हाताखाली शिकून तयार झालेल्या एका मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त लावलाय. मी एचआरकडे गेले. तो माणूस हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे दोघं कमावतात की." मी ऑडिटची सगळी कागदं टेबलावर ठेवली, कस्टमर कम्प्लेंट कुणाच्या काळात किती आल्या ते दाखवलं आणि फरक वसूल केला. महिन्याला सतराशे रुपये. सतराशेसाठी भांडले. आणि इथं हिशोबानं माझ्या वाट्याला एक एकर पंधरा गुंठे येतात, तर तोंडातून शब्द फुटेना.

नवरा म्हणतो "तुझं तू ठरव". म्हणजे त्याला त्यात पडायचं नाही, आणि ते बरंच आहे. सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माझ्या भावांनी तर अंगठा घेतला." सासूबाई सातवी शिकल्यात, झोकदार सही करतात.

कायदा मी वाचलाय, तो परत नको. मला हे हवंय: ज्यांनी सही केली त्यांचं पुढं काय झालं? आणि ज्यांनी नाही केली त्यांचं माहेर राहिलं का?

---

रानजाई
शनिवार, रात्री ११:५२

करू नका. विचारताय कशाला?

कायदा नको म्हणालात तरी दोन ओळी लिहितेच, इतर वाचणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली आणि ती भानगड मिटली. वडील त्या दिवशी हयात असायला हवेत का, यावर पुढं पंधरा वर्षं कोर्टात कीस पाडला गेला. शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्या-नसण्याशी संबंध नाही.

एवढं सगळं होऊन आपण आठ मार्चला जांभळ्या साड्या नेसून फोटो काढायचे आणि मे महिन्यात दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावायची, हे मला झेपत नाही.

---

बांधावरचा
रविवार, सकाळी ६:१०

निफाडचा आहे. द्राक्षवाला आहे. भावाच्या बाजूनं कुणीतरी बोलायला पाहिजे म्हणून लिहितो, ताईंनी राग मानू नये.

रानजाई, जमीन म्हणजे बँकेतली एफडी नाही हो, की चार वारस आले, चार पावत्या केल्या. एकरभर बाग एक हंगाम उभी करायची तर तीन-साडेतीन लाखांच्या पुढं खर्च जातो. तो औषध दुकानदाराच्या उधारीवर आणि गावच्या विकास सोसायटीच्या कर्जावर. छाटणीनंतर पंधरा दिवस रोज आभाळाकडं बघायचं. डाऊनी (बुरशीचा रोग) आला की रात्री दोनला फवारणीचा ब्लोअर काढायचा. ताईंच्या वाट्याला एक एकर पंधरा गुंठे येतात ते बरोबर, पण त्यावरच्या कर्जाचे किती येतात? हिस्सा मागणाऱ्यांनी आधी बोजा बघावा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात लिहिलेला असतो.

माझ्या दोन्ही बहिणींनी सोडला. कुणी जबरदस्ती केली नाही. दरवर्षी द्राक्षाच्या पेट्या, दिवाळी, बाळंतपणं, भाचीचं लग्न, सगळ्याला मी उभा आहे. हे कुठल्या कागदावर येत नाही.

एक मात्र खरं आहे ते लिहितो. माझी आई १९८६ ला शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती, ट्रॉलीत बसून. तिथून आली ती वेगळीच होऊन आली, असं आजी म्हणायची. पुढं संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचं, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायचं, काढलं तेव्हा वडिलांनी पाऊण एकर आईच्या नावावर केलं. गावात चेष्टा झाली. आई अजून आहे, आणि तो पाऊण एकर कुणी विकायचं नाव काढत नाही. आमच्या घरात सगळ्यात शेवटी कर्ज चढलं ते त्या तुकड्यावर, तेही तिला विचारून.

---

माजी_अव्वल_कारकून
रविवार, सकाळी ९:३५

सोनाकाताई, तहसील कचेरीत माझी उभी नोकरी गेली. त्यातली बरीच वर्षं वारस आणि फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावांतले बदल) याच टेबलाला होते. तुम्ही विचारलंत पुढं काय झालं. मी हजारो सह्या बघितल्या, पुढचं मात्र फार थोड्यांचं कळलं. जे कळलं ते सांगते.

आधी तुमच्या भावाचं कारण. बँकेला सही हवी आहे, बँकेला तुमचा हक्क सुटायला नको आहे. या दोन वेगळ्या गोष्टी एका दिवसात उरकल्या जातात, कारण स्टॅम्पवाला तेच सुचवतो. तुम्ही कर्जाला सहखातेदार म्हणून संमती देऊ शकता, दरवेळी यायचं नसेल तर तेवढ्याच कामापुरतं, तुमच्या वतीनं सही करायचं मुखत्यारपत्र करून देऊ शकता. त्यात जोखीम आहे, हे ध्यानात घ्या: सही केलीत तर कर्ज तुमच्याही हिश्श्यावर बसतं, आणि काही बँका सहकर्जदारच करून घेतात. कागद वाचून सही करा. पण आच्छादन टाकण्यासाठी बहिणींनी वारस हक्क सोडलाच पाहिजे असं कुठंही नाही.

दुसरं. हक्कसोड फार स्वस्त आहे, म्हणून ती इतकी सहज होते. विनामोबदला, भावाच्या लाभात, तर मुद्रांक नाममात्र. पूर्वी दोनशेचा होता, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा. खरेदीखत करायचं म्हटलं तर लोक सहा महिने विचार करतात. इथं पाचशेच्या कागदावर एकराचा निकाल दुपारच्या जेवणाआधी लागतो. नंतर बहिणींना साडी नेसवायची, हॉटेलात थाळी खायची, घरी. एकदा नोंदली गेली की फिरवता येत नाही. फसवणूक झाली, दबाव होता, असं म्हणायचं तर दिवाणी कोर्ट, आणि ते सिद्ध करणं बहिणीच्या गळ्यात.

तिसरं, जे तुम्हाला कुणी सांगणार नाही. आमच्या टेबलावर मी एक पाहिलंय. दोन-तीन बहिणी असल्या की आधी कुणाची सही घेतात? शिकलेलीची. नोकरीवालीची. जिचं बरं चाललंय तिची. ती म्हणते मला काय करायचंय, जाऊ दे, आणि मोठ्या मनानं सही करते. सगळे तिचं कौतुक करतात. मग तोच कागद दुसरीपुढं सरकवतात. ती दुसरी कुठंतरी चाळीत राहत असते, नवरा कधी कामावर कधी घरी. तिला खरोखर गरज असते. पण आता तिनं तोंड उघडलं तर ती हावरट. "आक्कानं केली की सही, तुलाच काय झालं?" हे वाक्य मी कचेरीच्या व्हरांड्यात इतक्या वेळा ऐकलंय, की कुठल्या क्षणी येणार ते मला कळायचं.

तुमच्या पोस्टमध्ये धाकटीचा उल्लेख दोनदा आला, दोन्ही वेळा नुसता मोजणीला. तिचं काय चाललंय?

---

रानजाई
रविवार, सकाळी ९:५८

बाप रे. हे तिसरं मी कधी वाचलं नव्हतं.

---

बांधावरचा
रविवार, सकाळी १०:४०

माजी मॅडम, मुद्दा पटला नाही असं नाही. पण भाऊ काही असं ठरवून करत नाही हो.

---

माजी_अव्वल_कारकून
रविवार, सकाळी ११:०५

ठरवून करत नाही, मान्य. त्याला जे सोपं ते आधी करतो. सोपी म्हणजे कोण, एवढंच मी सांगितलं.

---

खालची_आळी
रविवार, दुपारी २:१५

मी नारायणगावकडची. सोनाकाताई, तुमच्या धाग्यात एक बाई अजून आलीच नाही. तुमची भावजय.

मी ती भावजय आहे, म्हणजे आमच्या घरातली. माझ्या नणंदांनी सही करून बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्या येतात-जातात, आमचं बरं आहे. त्यांनी सोडलं ते माझ्या नवऱ्याला मिळालं. मला काय मिळालं? छाटणी झाली की पेस्ट लावायला मी. ते रसायन हातमोज्यातून पण झिरपतं, बोटांची सालं निघतात. फेलफुटी (नको असलेले फुटवे) काढायला मी. विरळणीला बायका लावल्या तरी त्यांच्यामागं फिरायला मी, नाहीतर घडाचं वाटोळं करतात. जीएच्या (मणी फुगवायच्या संजीवकाच्या) पाण्यात घड बुडवायचा असतो, एकेक घड, पाण्याचा मग हातात धरून. बुडवून झाला की हलकासा झटका द्यायचा, पाणी मण्यांत साचून राहिलं तर डाग पडतो. हे मला सासूनं शिकवलं, आणि मी आता बाकीच्यांना शिकवते. गावात मला "बागायतदारीण" म्हणतात, चेष्टेनं का होईना.

मागं मी दोन गाई घ्यायला कर्ज मागायला गेले. साहेब म्हणाले सातबारा आणा. मी आणला. म्हणाले, यात तुमचं नाव कुठंय? नव्हतंच. नवऱ्याला आणा म्हणाले. नवरा आला, सही केली, गाई आल्या. दूध मी काढते, डेअरीचं बिल त्यांच्या खात्यावर जातं. ते देतात मागितलं की. मागावं लागतं.

तुम्ही शिकलेल्या बायका हक्क, हक्क म्हणून भांडता तेव्हा मला बरं वाटतं, पण ते भांडण भाऊ आणि बहिणीत होतं. जी रोज रानात असते ती दोन्हीकडून बाहेरच. माहेरचा मी सोडला (हो, मीही सही केलीय, माझ्याही भावाला), आणि सासरचा माझ्या नावावर नाही.

---

सोनाका
रविवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. दिवसभर वाचत होते, उत्तर आता देतेय, कारण मधे दोन फोन केले.

पहिला छोटीला. ती शिरोळ तालुक्यात दिलीय. जावयांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात पंप जळतात तेव्हा चालतं, पावसाळ्यात पूर आला तर दुकानच पाण्यात. ती ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. मुलगा दहावीला. मी विचारलं, तुला काय वाटतं सहीचं? तर म्हणाली, "तू करणार ना? मग मी पण करणार." मी म्हटलं, मी नाही केली तर? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आक्का, मला पाहिजे गं. पण मी मागितलं तर सासऱ्यांनी शिकवलं म्हणतील." आणि खरंच, सासरे तिला म्हणालेतही, की घे म्हणून. म्हणजे तिला स्वतःला हवंय, हे कुणाला पटणारच नाही, मलाही पटलं नसतं कदाचित.

माजी मॅडम, तुम्ही लिहिलंत ते शब्दाला शब्द.

दुसरा फोन भावजयीला. खालची_आळी, तुमच्यामुळे. एरवी मी तिला भावाच्या फोनवरच दोन मिनिटं बोलते, आज तिच्या नंबरवर केला. तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. मी विचारलं, हक्कसोडीबद्दल तुमच्याशी बोलला का तो? म्हणाली, "वन्सं, मला काय विचारत्यात. मी सह्यांच्या दिवशी सैपाक करायचा." मग जरा थांबून म्हणाली, प्लॅस्टिकचं तिनंच काढलं होतं डोक्यातून. पलूसकडे कुणाची तरी बाग बघून आली होती बचत गटाच्या सहलीत. दरवर्षी पावसानं मणी तडकतात, ते बघवत नाही म्हणाली. मला भावानं सांगितलं तेव्हा ती त्याची कल्पना होती.

बांधावरचा, तुमचा मुद्दा मी बाजूला टाकत नाही. बोजा बघितला. सोसायटीचं आहे, एका बँकेचं आहे. माझ्या वाट्याचं कर्ज नाकारून मला जमीन नको. पण पेट्या आणि दिवाळी यांबद्दल म्हणाल, तर माझा भाऊही देतो, आणि मला त्या हव्यात. फक्त त्या मिळाव्यात म्हणून मी काय देतेय हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आता माझा विचार असा चाललाय. बँकेला संमती आत्ताच द्यायची, म्हणजे आच्छादन अडणार नाही, पुढच्या छाटणीच्या आत होऊन जाईल. हक्कसोड आत्ता नाही. माझं मी नंतर बघेन, पण छोटीनं ठरवल्याशिवाय मी सही करणार नाही, हे भावाला सांगायचं. तिला एक एकर पंधरा गुंठे नकोच असतील, तिला पैसे हवे असतील. तो विकत घेऊ शकतो का, हप्त्यानं देऊ शकतो का, हे त्या दोघांनी बोलावं, मी तिथं बसेन.

आणि भावजयीचं नाव लागावं असं मला फार वाटायला लागलंय. माझा हिस्सा भावाला न सोडता तिलाच सोडता येईल का? मॅडम, हे जमतं?

---

रानजाई
रविवार, रात्री ११:१०

हे मी काल रात्री "करू नका" लिहिलं त्यापेक्षा किती अवघड आहे. भावाला सांगणार कधी?

---

सोनाका
रविवार, रात्री ११:१८

पुढच्या रविवारी जाऊन. फोनवर नाही. फोनवर तो "बरं बरं" म्हणतो आणि नंतर आईकडून निरोप येतो.

---

बांधावरचा
सोमवार, सकाळी ५:५५

ताई, जाल तेव्हा आधी बागेत जा, मग घरात बोला. भाऊ बागेत असताना नीट ऐकतो. घरात आई असते.

बहिणीला हप्त्यानं देण्याचं म्हणालात, ते बेदाण्याचे पैसे आले की ठरवा, म्हणजे सौदे झाल्यावर. आत्ता मे महिन्यात शेतकऱ्याकडं पैसे मागितले तर तो भावकी विसरतो. आणि आकडा बाजारभावानं काढू नका. रस्त्याकडेच्या प्लॉटचा भाव बागेला लावून भांडणं होतात. आमच्याकडं झालीत.

माझ्या बहिणींचं मी वर लिहिलं. काल धाकटीला विचारलं, तेव्हा तुला खरंच नको होतं का. ती म्हणाली, आता विचारून काय उपयोग. पुढं काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

---

माजी_अव्वल_कारकून
सोमवार, सकाळी १०:२०

सोनाकाताई, थेट जमत नाही. हक्कसोड ही ज्याचा त्या मिळकतीत आधीच हिस्सा आहे त्याच्याच लाभात होते. तुमच्या बाबतीत आई, भाऊ, बहीण. भावजय वारस नाही, म्हणून तिच्या नावे द्यायचं तर बक्षीसपत्र करावं लागेल, आणि त्याला पाचशेत भागत नाही, मूल्यांकनावर मुद्रांक पडतो. शिवाय आधी तुमचा हिस्सा मोजून वेगळा झालेला बरा, नाहीतर सामाईकातला हिस्सा देऊन भांडण तेवढं द्याल.

सोपी वाट दुसरी आहे. बांधावरचा यांनी लक्ष्मीमुक्तीचं लिहिलं. त्या नावाची शासनाची योजना १९९२ पासून आहे आणि आजही चालते, लोकांना माहीत नसते इतकंच. नवऱ्यानं त्याच्या हयातीत स्वतः अर्ज करायचा, की माझ्या धारण जमिनीला माझ्या पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावा. तलाठ्याकडे द्यायचा. फेरफार पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी मंजूर करतात. मुद्रांक नाही, नोंदणी नाही. माझ्या टेबलावर असे अर्ज बोटावर मोजण्याइतके आले. तुमचा भाऊ त्याच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं हे उद्या करू शकतो, तुमच्या सहीची वाट न बघता. त्याला सहीची घाई आहे ना, मग तुम्हीही याची घाई करा.

खालची_आळी, तुमच्यासाठीही हेच. फक्त अर्ज नवऱ्यालाच करावा लागतो. ही त्या योजनेतली मेख आहे, मला ती कधीच आवडली नाही.

बहिणीला पैसे द्यायचे ठरले तर कागदात "विनामोबदला" लिहून बाजूला तोंडी ठराव करू नका. स्टॅम्पवाला तसंच सुचवेल, मुद्रांक वाचतो म्हणून. मग दोन हप्त्यांनंतर पैसे थांबले की तिच्या हातात काही नाही. मोबदला असेल तर तो आकडा कागदात यायला हवा आणि पैसे खात्यात.

तुमच्यासाठी शेवटचं. पुढं कधी हिस्सा सोडायचा ठरवलंत तरी सगळा सोडू नका. दहा-वीस गुंठे ठेवा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुमचे यजमान शेतकरी कुटुंबातले नसतील आणि उद्या तुम्हाला किंवा तुमच्या लेकीला चार गुंठे रान घ्यायचं मनात आलं, तर शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून हाच सातबारा लागेल. नाव एकदा कमी झालं की तुम्ही द्राक्षाच्या गावात जन्मलात हे सांगून कुणी दाखला देत नाही.

रविवारी जाण्याआधी ऑनलाइन डिजिटल सही असलेला सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) दोन्ही काढून घ्या, आणि तुमच्या वारस नोंदीचा फेरफार क्रमांक लिहून ठेवा. आण्णांच्या नावावर जमीन कशी आली तेही बघा, आजोबांकडून की खरेदीनं. तुमच्या बाबतीत दोन्ही वाटांनी हिस्सा चौथाच येतो, पण बोलताना कुणीतरी "ती तर आण्णांनी स्वतः घेतलेली" असं काढतं आणि सगळे गप्प होतात. तुम्ही होऊ नका.

---

खालची_आळी
सोमवार, दुपारी १:४०

मॅडम, तो अर्ज कोऱ्या कागदावर चालतो का, की फॉर्म असतो?

---

माजी_अव्वल_कारकून
सोमवार, दुपारी २:०५

कोऱ्या कागदावर चालतो. गट नंबर, खाते नंबर, नवऱ्याचं नाव, तुमचं नाव, "सहधारक म्हणून नोंद व्हावी" एवढं लिहा. दोघांचे आधार आणि लग्नाचा काही पुरावा जोडा, रेशनकार्डही चालतं. दोन प्रती करा, एकीवर तलाठ्याची पोच घ्या, तारखेसकट.

---

सोनाका
सोमवार, रात्री ९:३०

मी दोन अर्ज लिहून घेतलेत. एक भावाच्या नावानं, सहीची जागा रिकामी ठेवून. दुसरा बँकेच्या संमतीचा, त्यावर माझी सही आहे. दोन्ही एकाच फाइलमध्ये घालून नेतेय.

छोटी मिरजेपर्यंत येणार आहे, तिथून एकत्र जाऊ. तिनं सासऱ्यांना सांगितलंय की आईला बरं नाही. आईला बरं आहे. आईनं मात्र आत्ताच फोन करून विचारलं, दोघी कशाला येताय गं, सह्या तर पुढच्या आठवड्यात आहेत ना?

सांगितलं, द्राक्षं संपली असतील, बेदाणे न्यायला येतोय.